वाचनाने डोकं सुधारतं, म्हणजे नेमकं काय सुधारतं?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या सकाळी, व्हॉट्सॲपवर एक यादी फिरते. वाचनाचे दहा फायदे. ताण कमी होतो, स्मरणशक्ती वाढते, एकाग्रता वाढते, दुसऱ्याचं मन कळतं, आयुष्यही वाढतं. खाली पुस्तकांच्या ढिगावर बसलेल्या मुलाचं चित्र. तुमच्याही एखाद्या फॅमिली ग्रुपवर ती आली असेल, आणि तुम्हीही हात जोडलेला इमोजी टाकून पुढे गेला असाल.

या यादीबद्दल माझी तक्रार ती खोटी आहे अशी नाही. तिच्यातले काही दावे खरे आहेत, काही अर्धे खरे. तक्रार अशी की तिच्यात वाचन हे भिजवलेल्या बदामांसारखं येतं. रोज घ्या, उपाशीपोटी घ्या, महिन्याभरात फरक दिसेल. काय वाचायचं, कुठल्या भाषेत वाचायचं, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. जणू कोणत्याही पानावरून डोळे फिरवले की मेंदूला आपोआप पॉलिश होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी म्हणालं की ‘हा बदल केला आणि सिस्टिम फास्ट झाली’, तर लगेच टाळ्या पडत नाहीत. आधी तीन प्रश्न येतात. कशाच्या तुलनेत फास्ट? मोजलं कशाने? आणि त्याच दिवशी आणखी काय काय बदललं होतं? हेच तीन प्रश्न मला वाचनाच्या फायद्यांना विचारायचे आहेत. आधी त्या यादीला, मग या विषयावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाला, आणि मग माझ्या स्वतःच्या वाचनाला.

तीन आकडे

पहिला आकडा ६८ टक्के. सहा मिनिटं वाचलं की ताण ६८ टक्क्यांनी कमी होतो, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. ते २००९ मधलं, ब्रिटनमधलं. त्याचं मूळ शोधत गेलं की वर्तमानपत्रांतल्या बातम्या सापडतात, आणि त्या बातम्यांमागे एका चॉकलेटच्या ब्रँडची प्रसिद्धी मोहीम. पद्धत, माहिती, आकडेमोड असं सगळं मांडणारा, इतर शास्त्रज्ञांनी तपासलेला शोधनिबंध त्यामागे नाही. वाचताना शांत वाटतं हे खरंच आहे, त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पण ‘६८’ हा आकडा मात्र शोभेपुरता आहे.

दुसरा आकडा २३ महिने. हा जास्त वजनदार. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या ३६३५ लोकांची बारा वर्षांची माहिती तपासली. पुस्तकं वाचणारे लोक न वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी २३ महिने जास्त जगले, आणि नुसती वर्तमानपत्रं-मासिकं वाचणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही. शिक्षण, पैसा, आधीची तब्येत यांचा हिशेब संशोधकांनी केला होता. तरीही हा अभ्यास निरीक्षणाचा आहे. कुणाला वाचायला दिलं आणि कुणाला दिलं नाही, असा तो प्रयोग नव्हे. ज्या माणसाला रोज अर्धा तास निवांत बसून पुस्तक वाचता येतं, त्याच्या आयुष्यात आणखी बरंच काही ठीक चाललेलं असतं. ते सगळं एक्सेलच्या रकान्यात बसेलच असं नाही.

तिसरा दावा साहित्याच्या लोकांचा सगळ्यात लाडका. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्टानो यांचा निबंध आला. साहित्यिक दर्जाच्या कथेचा छोटा तुकडा वाचल्यावर लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यांच्या फोटोवरून भावना ओळखणं जास्त जमलं, असा निष्कर्ष. जगभर बातम्या झाल्या. पुढे २०१८ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मध्ये छापून आलेले सामाजिक शास्त्रांतले २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यातले १३ टिकले. किड-कास्टानो यांचा प्रयोग न टिकलेल्या आठांमध्ये होता. त्याच वर्षी अशा १४ प्रयोगांचा एकत्रित आढावाही आला. त्यात कथा वाचण्याचा परिणाम शून्य निघाला नाही, पण अगदी छोटा निघाला.

म्हणजे बेरीज अशी: एक आकडा जाहिरातीतला, एक विचार करायला लावणारा पण कारण सिद्ध न करणारा, आणि एक पुन्हा तपासल्यावर बराच आक्रसलेला. तरीही वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की आपल्यात काहीतरी बदललं. हे वाटणं कुठून येतं?

वुल्फ यांचा प्रयोग

या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारं माझ्या वाचनातलं पुस्तक म्हणजे मेरीॲन वुल्फ यांचं ‘रीडर, कम होम’. ते २०१८ मध्ये आलं. वुल्फ वाचणाऱ्या मेंदूच्या संशोधक आहेत. त्यांचं आधीचं ‘प्रूस्त अँड द स्क्विड’ (२००७) याच विषयावरचं. त्यांचा मूळ मुद्दा सोपा आणि पक्का आहे: माणूस वाचण्यासाठी जन्मलेला नाही. बोलणं मूल आपसूक शिकतं, वाचणं शिकवावं लागतं. त्यासाठी मेंदू पाहणं, ऐकणं, बोलणं, अर्थ लावणं या जुन्या खात्यांमध्ये नवी जोडणी करतो. आणि जी जोडणी करून मिळवलेली असते, ती वापराप्रमाणे घडते आणि वापराप्रमाणे बिघडतेही.

पुस्तक वाचकाला लिहिलेल्या नऊ पत्रांचं आहे. दुसऱ्या पत्रात त्या वाचणाऱ्या मेंदूचं वर्णन सर्कशीच्या तंबूच्या रूपकातून करतात. माहिती भरपूर, पण तंबूतली ती धावपळ थोड्या वेळाने दमवते. पुस्तकातली सगळ्यात ताकदीची पानं मात्र मेंदूच्या चित्रांची नाहीत. ती आहेत चौथ्या पत्रात, जिथे वुल्फ स्वतःवरच प्रयोग करतात. तरुणपणी त्यांना फार आवडलेली हेर्मान हेस्से यांची ‘द ग्लास बीड गेम’ ही कादंबरी त्या पुन्हा वाचायला घेतात आणि त्यांना ती वाचवतच नाही. वाक्यं लांबलचक वाटतात, शब्द उगाच अवघड वाटतात, गोष्ट पुढे सरकत नाही. दिवसभर पडद्यावर भरभर चाळण्याचा जो वेग अंगात मुरला होता, त्याच वेगाने त्या हेस्से वाचायला गेल्या होत्या. पुस्तक कपाटात परत जातं. मग काही काळाने त्या दुसरा प्रयत्न करतात: रोज फक्त वीस मिनिटं. सुमारे दोन आठवड्यांनी त्यांचा वेग पुस्तकाच्या वेगाशी जुळतो.

एक शास्त्रज्ञ बाई हे लिहिते याला मोल आहे. पण माझे तीन प्रश्न इथेही लागू होतात. हा प्रयोग एका माणसावरचा. तुलनेला कुणी नाही. मोजमाप म्हणजे त्यांना स्वतःला काय वाटलं ते. दोन आठवडे कुठलंही अवघड काम रोज वीस मिनिटं केलं तर ते सोपं होतंच. तबल्याचा कायदा होतो, रुबिक क्यूबही होतो. यातून ‘डोकं सुधारलं’ हे सिद्ध होत नाही. ‘हेस्से वाचणं सुधारलं’ एवढं होतं. आणि माझ्या मते हा निष्कर्ष लहान नाही. वुल्फ त्याला मोठ्या दाव्याचा पुरावा करू पाहतात तेव्हा तो कमकुवत होतो. जसा आहे तसा ठेवला तर तो भक्कम आहे.

पडदा विरुद्ध कागद या वादातही अशीच काळजी घ्यावी लागते. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा, १ लाख ७१ हजारांहून जास्त लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कागदावर वाचलेलं जास्त समजतं असं त्यात दिसलं. पण फरक माहितीपर मजकुरात होता, नुसत्या गोष्टी वाचताना नव्हता. वेळेची मर्यादा असली की तो वाढत होता. त्यामुळे फोनवर कथा वाचणाऱ्यांनी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पीडीएफ वाचणाऱ्यांनी थोडं वाटून घ्यावं.

दोन लिप्यांचे वाचक

वुल्फ आठव्या पत्रात एक कल्पना मांडतात. दोन भाषा बोलणारी मुलं जशी सहज एकीतून दुसरीत जातात, तसा छापील आणि डिजिटल अशा दोन्ही वाचनांत ये-जा करणारा मेंदू घडवायला हवा. या मेंदूला त्या ‘बायलिटरेट’ म्हणतात. कल्पना चांगली आहे. पण मराठी वाचकाला ती वाचताना हसू येतं, कारण आपल्यासाठी हा शब्द रूपक नाहीच. आपण शब्दशः दोन लिप्यांचे वाचक आहोत, आणि त्या दोन्ही आपल्यात सारख्या वाढलेल्या नाहीत.

माझंच उदाहरण घ्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी दहावीपर्यंत एक विषय, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. बोलायला मराठी, भांडायला मराठी, वाचायला इंग्रजी. इंग्रजीतलं पान मी न अडता वाचतो. देवनागरीतलं पान वाचताना ओळीच्या मध्यावर नजर मागे जायची, जोडाक्षर आलं की क्षणभर थांबायची. मातृभाषेत मी परक्यासारखा वाचत होतो. माझ्या वयाच्या अनेकांना हे ओळखीचं वाटेल, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही.

देवनागरीत तशा गमती आहेतच. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर होतो. ‘र’ कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी तिरका बसतो. डोळ्याला हे सगळं एका नजरेत उचलायला शिकावं लागतं. लखनौजवळच्या दोन खेड्यांत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आला. तिशीच्या आसपासच्या निरक्षर लोकांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. शिकवलं नाही असाही एक छोटा गट होता. फरक दिसला तो मेंदूच्या खोल, जुन्या भागांत, थॅलॅमस आणि मेंदूच्या देठात. तिथल्या कामाचा मेळ दृष्टीच्या केंद्राशी जास्त जुळू लागला होता. अभ्यास छोटा होता, पण तुलना होती, मोजमाप होतं, आणि जे दिसलं ते नेमकं होतं. प्रौढ वयात, आपल्याच लिपीत, सहा महिन्यांत.

हे वाचल्यावर मी वुल्फ यांचा प्रयोग मराठीत करायचं ठरवलं. रोज रात्री वीस मिनिटं, छापील पुस्तक, फोन दुसऱ्या खोलीत. पुस्तक निवडलं दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, १९५६ चं. ते निवडायचं कारण एवढंच की त्यात गोष्ट नाही. पुढे काय होणार या उत्सुकतेवर पानं उलटण्याची सोय नाही. महिन्यामागून महिना, झाडं, पक्षी, आभाळ. वाक्यं अशी की चाळायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. इंजिनिअर असल्यामुळे अर्थातच स्प्रेडशीट केली: तारीख, पानं, किती वेळा मागे जावं लागलं.

पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांत जेमतेम पाच पानं. सहाव्या आठवड्यात आठ-नऊ. पानांपेक्षा तिसरा रकाना बोलका होता. मागे जाणं निम्म्याहून कमी झालं. लांब वाक्य सुरू झालं की शेवटचं क्रियापद येईपर्यंत डोक्यात धरून ठेवता येऊ लागलं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी, त्यामुळे हे धरून ठेवणं फार कामाचं.

आणि बाकी डोकं? ऑफिसात मी काही हुशार झालो नाही. बग शोधायला तेवढाच वेळ लागतो. ओटीपी अजूनही दोनदा पाहावा लागतो. मीटिंगमध्ये लक्ष उडतं ते उडतंच. झोप थोडी सुधारली, पण ते श्रेय दुर्गाबाईंचं की दुसऱ्या खोलीत ठेवलेल्या फोनचं, हे माझ्या स्प्रेडशीटला सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या होत्या.

आजी आणि बहिणाबाई

इथे मला अडवणारा एक प्रश्न आहे, आणि यादी पाठवणारे तो कधीच विचारत नाहीत. वाचनाने बुद्धी वाढते, तर जे वाचत नव्हते त्यांचं काय?

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला, कुठल्या वर्षी कुठल्या शेतात काय पेरलं होतं, जात्यावरच्या शंभरेक ओव्या, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. घरातला व्यवहार तिच्या डोक्यावर चालायचा. तिच्यासमोर मी ‘कॉग्निटिव्ह इम्प्रूव्हमेंट’ हा शब्द उच्चारला असता तर तिने मला आधी जेवून घ्यायला सांगितलं असतं. आणि आजी घरातली म्हणून बाजूला ठेवली, तरी बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आहेतच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि जवळच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकात आली. मराठीतल्या सगळ्यात तल्लख डोक्यांपैकी एक डोकं निरक्षर होतं. वाचन म्हणजे बुद्धी असं समीकरण मांडणाऱ्याने आधी या बाईंना उत्तर द्यावं.

या प्रश्नावर झालेलं एक उत्तम काम सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकल कोल यांचं. त्यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ लिटरसी’ १९८१ मध्ये आलं. लायबेरियातले वाई लोक त्यांनी निवडले, कारण तिथे साक्षरता आणि शाळा वेगळ्या करून पाहता येत होत्या. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे, ती लोक शाळेबाहेर एकमेकांकडून शिकतात आणि मुख्यतः पत्रं लिहायला वापरतात. काही जण कुराणासाठी अरबी वाचायला शिकतात. काही जण शाळेत इंग्रजी. साक्षरतेने सरसकट विचारशक्ती वाढते, असं त्यांना आढळलं नाही. आढळलं ते असं: पत्रं लिहिणाऱ्यांना एखादा खेळ न पाहिलेल्या माणसाला नीट समजावून सांगणं जास्त जमत होतं. कुराण पाठ करणाऱ्यांना एकेक शब्द वाढवत जाणारी यादी लक्षात ठेवणं जास्त जमत होतं. ज्याने जे केलं, त्याला ते आलं.

ब्रेन ट्रेनिंगच्या ॲप्सचीही गत तीच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०१६ मध्ये तडजोड करून ‘लुमोसिटी’च्या कंपनीने २० लाख डॉलर भरले, कारण खेळ खेळून कामात, शाळेत, म्हातारपणी डोकं चांगलं चालेल या त्यांच्या जाहिरातींना पुरेसा आधार नसल्याचा आरोप होता. खेळ खेळून तो खेळ येतो. वाचनाच्या यादीला याहून मोठी सूट का द्यावी?

मग उरलं काय?

मला वाटतं, उरलं ते बरंच आहे, फक्त ते यादीत लिहिलेलं नाही.

कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये ज्याला ‘मॅथ्यू इफेक्ट’ म्हटलं ते यात येतं. जो वाचतो त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढले की वाचणं सोपं होतं, सोपं झालं की तो आणखी वाचतो. ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळतं. उलटंही तितकंच खरं: ज्याचं वाचन अडखळतं तो टाळतो, टाळतो म्हणून आणखी अडखळतो. माझ्या पिढीचं मराठी वाचन या दुसऱ्या चक्रात अडकलेलं आहे. आपण मराठी वाचत नाही कारण ते हळू होतं, आणि ते हळू होतं कारण आपण वाचत नाही. त्यामागे भाषेबद्दलचं प्रेम कमी पडलं असं नाही. सराव कमी पडला.

दुसरी गोष्ट शब्दांच्या पलीकडची. ऑफिसच्या वाटेवर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर लाल-केशरी फुलं दिसायची. माझ्यासाठी ती सगळी ‘लाल फुलांची झाडं’ होती. या वर्षी ती तीन वेगळी झाडं निघाली: पळस, पांगारा आणि सावर. डोळे तेच, रस्ता तोच, ट्रॅफिकही तेच. माझ्या मेंदूचा वेग वाढला नव्हता. पण जिथे आधी एकच खाना होता, तिथे आता तीन झाले होते, आणि खाने झाल्यावर पुढच्या गोष्टी आपोआप त्यात पडायला लागल्या. कुठलं आधी फुलतं, कुणावर पक्षी जास्त येतात, कुणाचा कापूस नंतर रस्ताभर उडतो. वाचनाचा फायदा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तर तो हा. तो ‘वाचना’चा म्हणण्यापेक्षा त्या एका पुस्तकाचा आहे. दुसरं पुस्तक वाचलं असतं तर दुसरे खाने झाले असते.

म्हणून यादी चुकते ती इथे. ती वाचनाला रॅम वाढवण्यासारखं समजते: मशीन तेच, फक्त सगळं फास्ट. पुस्तकं तसं करत नाहीत. प्रत्येक पुस्तक स्वतःच्या विषयापुरती, स्वतःच्या भाषेपुरती, स्वतःच्या वाक्याच्या लांबीपुरती नजर घडवतं. हेस्से वाचून हेस्सेचा संथपणा येतो. दुर्गाबाई वाचून पळस दिसतो. आजी काहीच न वाचता ज्या गोष्टींत पारंगत होती, त्या कुठल्याच पुस्तकाने मला आल्या नाहीत.

‘रीडर, कम होम’ वाचावं का? जरूर वाचावं, आणि घाई असेल तर चौथ्या पत्रापासून सुरुवात करावी. पण वुल्फ ज्या घरी परत यायला सांगतात, ते घर इंग्रजीत बांधलेलं आहे. आपल्यापैकी अनेकांना परतायचं आहे ते घर वेगळं आहे. तिथली जोडाक्षरं अजून अंगवळणी पडलेली नाहीत, आणि तिथे जायला पहिले दोन आठवडे वीस मिनिटांत पाचच पानं होणार आहेत. ती होऊ द्यावीत. आणि पुढच्या १५ ऑक्टोबरला कुणी सांगितलं की मी यंदा पन्नास पुस्तकं वाचली, तर त्याला फायदा झाला का हे विचारू नका. त्यातलं कुठलं पुस्तक वाचल्यावर आधी न दिसलेलं काय दिसलं, ते विचारा.